जोडीवाले हणमंतराव

हणमंतराव शेडग्यांची नि माझी ओळख भांडणानं झाली, आणि त्या भांडणात चूक सर्वस्वी त्यांची होती. अठ्ठावन्न सालचा एप्रिल. जयपूरच्या राजा पार्क वस्तीतल्या आमच्या भाड्याच्या घराच्या गच्चीवर मी उडदाचे पापड वाळत घातले होते. मागच्या अंगणातल्या दोन खोल्यांत त्याच दिवशी नवं बिऱ्हाड आलं होतं, आणि त्यातल्या पुरुषानं सामान लावायच्या आधीच कुठल्याशा मोटारीचे सुटे भाग पेट्रोलनं धुवायला काढले होते. दुपारपर्यंत माझ्या पापडांना तो वास लागला. मी कठड्यावरून वाकून त्या माणसाचा यथास्थित उद्धार केला. मराठीत केला, कारण जयपुरात मराठीत बोललं की कुणाला कळत नाही आणि आपलं मन मोकळं होतं. त्यानं वर पाहिलं, हात फडक्याला पुसले नि शांतपणे म्हणाला, "वैनी, समदं समजलं. आता ते पापड खाली टाका, आमी खातो. आमाला पेट्रोलची सवय हाय."

मला हसू आलं, पण मी ते दाखवलं नाही. मी रत्नागिरीची, राग इतक्या स्वस्तात सोडत नाही. दुसऱ्या दिवशी त्यांची बायको, पार्वतीबाई, डोक्यावरून पदर घेऊन उडदाच्या डाळीची पिशवी घेऊनच वर आली. "पुन्यांदा करू. लाटायला मी हाय," म्हणाली. त्यानंतर भांडायला काही उरलं नाही.

हणमंतराव मूळचे सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्याचे. अठरा वर्षं लष्कराच्या वर्कशॉपात मेकॅनिक होते, शेवटची चार जयपूरच्या छावणीत. हवालदार म्हणून निवृत्त झाले तेव्हा जेमतेम अडतीस वर्षांचे होते. त्यांच्याबरोबरचे लोक पेन्शनीत निघाले की गावाकडची गाडी धरत. हे दोघं मात्र इथंच राहिले. का राहिलात, असं विचारलं की हणमंतराव म्हणायचे, "इथलं पानी मानवलं." जयपूरच्या त्या खाऱ्या पाण्यात आमची तूरडाळसुद्धा धड शिजत नसे, तेव्हा हे उत्तर खोटं आहे एवढं मला कळत होतं.

स्वभाव ताठ. शहरातल्या दोन गॅरेजांत त्यांनी नोकरी धरली नि दोन्ही सोडल्या. मालक म्हणे, "चलता है, हणमंतजी." आणि ह्यांच्या मते मोटार बरोबर चालते नाहीतर बिघडलेली असते, 'चलता है' नावाची तिसरी अवस्था पलटणीत शिकवलेली नव्हती. आमचे जयंतराव विमा कंपनीत अधिकारी. ते म्हणत की असा माणूस स्वतःचं गॅरेज काढील तरच टिकेल. गॅरेज काढायला रस्त्यावरची जागा हवी होती, मोटार आत जाईल एवढ्या दाराची.

ती जागा सिव्हिल लाइन्समधल्या एका ठाकूरसाहेबांकडे होती. त्यांची जहागीर गेली होती, मिशा राहिल्या होत्या. बंगल्याच्या कडेला रस्त्यालगत तीन दारांचा मोटारखाना आणि त्याच्या मागं जुन्या कोचमनच्या दोन रिकाम्या खोल्या. मोटारखान्यात दोन बग्ग्या, पुष्कळशी कबुतरं आणि एक रायली मोटार, सदतीस सालची, ठाकूरसाहेबांच्या वडिलांनी विलायतेहून आणलेली. तिच्यावर त्यांचा फार जीव. पण इंजिनाला हवा-पेट्रोल मिसळून देणाऱ्या एकाच कार्बोरेटरवर ती चढाला धापा टाकायची, आमेरच्या घाटात हमखास थांबायची. ह्याच इंजिनाला विलायतेत दोन कार्बोरेटर लावतात असं कळल्यावर त्यांनी मुंबईच्या जुन्या बाजारातून जोडी मागवली. ती वर्षभर पोत्यात पडून होती, कारण जयपुरात ज्यानं त्यानं हात जोडले. एक कार्बोरेटर लावणारे पुष्कळ मिळतात. दोन लावले की दोघांचं भांडण मिटवत बसावं लागतं.

हणमंतरावांनी ती जोडी पाहिली आणि म्हणाले, मी लावतो. काम पसंत पडलं तर मोटारखाना मला भाड्यानं द्या. ठाकूरसाहेबांच्या मुलीचं लग्न वसंत पंचमीला ठरलं होतं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तिची पाठवणी ह्याच मोटारीतून करायची असं त्यांच्या मनात होतं. "बिदाई तक गाड़ी ठीक चली तो मोटरखाना आपका. पीछे के कमरे भी," ते म्हणाले. त्या दिवशी हणमंतराव शीळ घालत घरी आले. मी त्याआधी त्यांची शीळ कधी ऐकली नव्हती.

एकोणसाठच्या ऑक्टोबरात रायली आमच्या अंगणात आली नि तीन आठवडे कडुनिंबाखाली राहिली. माझ्या स्वयंपाकघराची खिडकी त्याच बाजूला, त्यामुळे मला ह्या विषयाचं शिक्षण फुकटात मिळालं. आधी जुना कार्बोरेटर निघाला. मग नव्या जोडीबरोबर आलेला दुतोंडी नळा, ज्यातून पेट्रोल नि हवा इंजिनात शिरते तो. त्याचं तोंड किंचित वाकडं होतं. हणमंतरावांनी जाड काचेवर घासकागद ठेवला आणि त्यावर तो नळा चार दिवस घासला.

"अहो, कढई आहे का ती? किती घासाल?" मी खिडकीतून विचारलं.

"वैनी, केसाएवढी फट ऱ्हायली तरी वारा चोरून आत शिरतो. मग दोघांचं जमत न्हाई."

मग कार्बोरेटर बसले, एक पुढं, एक मागं, डोक्यावर पितळी टोपणं घातलेले. दोघांच्या झडपा एका सळईनं जोडल्या. पायानं ॲक्सिलरेटर दाबला की दोन्ही झडपा एकदम आणि सारख्या उघडायला हव्यात. तशा त्या उघडत नसत, आणि खरं काम तिथून पुढं होतं. "आमच्याकडं खिल्लारी जोडीत एक बैल वढनारा आन दुसरा नुसता चालनारा असला की नांगर वाकडा जातो," हणमंतरावांनी मला समजावलं. "हे तसंच."

ओढणारा कोण नि चालणारा कोण हे कानानं ओळखायचं. त्यांच्याकडे हातभर रबरी नळी होती. इंजिन चालू ठेवून नळीचं एक टोक कानात घालायचं, दुसरं कार्बोरेटरच्या तोंडाशी धरायचं. आत ओढल्या जाणाऱ्या हवेची 'स्स्स्' अशी बारीक शीळ येते. पुढच्याची ऐकायची, मग मागच्याची. कमी-जास्त वाटली तर स्क्रू नखभर फिरवायचा, आणि पुन्हा ऐकायचं. सकाळी नऊला बसलेला माणूस जेवायलाच उठे. तेवढ्या वेळात अंगणात कुणी बोलायचं नाही. भाजीवाल्यालासुद्धा पार्वतीबाई हाताच्या खुणेनं फाटकाबाहेर थांबवायची.

एकदा त्यांनी ती नळी माझ्या हातात दिली. "सांगा, कुठला जोरात हाय?" मला दोन्ही सारखेच वाटले आणि मी तसं सांगितलं. त्यांचा चेहरा असा फुलला की आपल्यालाच काहीतरी साधलं असं मला उगाच वाटलं. मग त्यांनी इंजिनाचे प्लग काढून पाहिले. प्लगचं टोक काळं असेल तर पेट्रोल जास्त जातंय, पांढरं असेल तर कमी. "भाकरीच्या पाठीसारखं खरपूस पायजे," ते म्हणाले. चारही प्लग एका रंगाचे निघाले तेव्हा ते रुमालावर मांडून त्यांनी बायकोला दाखवले. "भाजल्यात चांगल्या," पार्वतीबाई म्हणाली.

शेवटचं काम तेलाचं. कार्बोरेटरच्या डोक्यावरचं टोपण फिरवून काढलं की आत बोटभर खोल भोक असतं. त्यात पातळ तेल घालतात. ॲक्सिलरेटर दाबला की आतला दट्ट्या वर उचलला जातो. तेलामुळे तो धसमुसळेपणा न करता बेतानं उचलला जातो. तेल पातळच हवं, शिवणयंत्राचं असेल तर उत्तम. हणमंतरावांनी पुढच्या कार्बोरेटरात तेल घातलं आणि त्यांचं तेल संपलं. त्यांनी पार्वतीबाईला हाक दिली, "वैनींकडनं मिशनीचं तेल आन जरा." ती वर आली तेव्हा मी दिवाळीच्या करंज्या तळत होते. मी नुसत्या मानेनं शिवणयंत्राकडे खूण केली. तिनं तिथली तेलाची कुपी नेली, मागच्या कार्बोरेटरात तेल पडलं, टोपण बसलं, कुपी परत यंत्रापाशी आली नि काम पुरं झालं.

दिवाळीच्या आदल्या दिवशी ठाकूरसाहेब स्वतः गाडी चालवत आमेरचा घाट चढले, कुठंही न थांबता. परत आले, पण गाडीतून उतरले नाहीत. तसेच पुन्हा एकदा गेले. आम्ही सगळे फाटकात उभे राहून बघत होतो. मग ते लग्नाच्या खरेदीसाठी महिनाभर दिल्लीला गेले आणि गाडी मोटारखान्यात चादरीखाली विसावली.

डिसेंबरात थंडी पडली. ठाकूरसाहेब परतले, गाडी पुन्हा सकाळ-सकाळी बाहेर निघू लागली, आणि एके दिवशी अकराच्या सुमाराला त्यांचा ड्रायव्हर देवराम ती घेऊन आमच्या अंगणात हजर झाला. "हणमंतजी, सवेरे खांसती है. काला धुआं देती है. एक्सिलेटर दबाओ तो दम घुटता है." हणमंतरावांनी बॉनेट उघडलं. गाडी व्यवस्थित चालू होती. नळी लावून ऐकलं, प्लग काढून पाहिले, सगळं जागच्या जागी. "तुमको स्टार्ट करना नहीं आता," ते म्हणाले. देवराम तीस वर्षं त्या घरात गाडी चालवत होता. त्याला ते फार लागलं.

चार दिवसांनी तो पुन्हा आला, पुन्हा अकराला, आणि पुन्हा गाडी ठणठणीत. तिसऱ्या खेपेला दोघांचं इतकं वाजलं की मला गच्चीवरून मध्ये पडावं लागलं. शेवटी हणमंतराव एका सकाळी सातला सायकलनं बंगल्यावर गेले आणि त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. देवराम खरं बोलत होता. गाडी सुरू व्हायची, पण ॲक्सिलरेटर दाबला की काळा धूर सोडून गुदमरायची. हणमंतरावांनी पेट्रोलची सगळी वाट उघडून साफ केली, पुन्हा जोडली, बराच वेळ इंजिन चालू ठेवून खटपट केली. तेवढ्यात ते तापलं आणि गाडी शहाण्यासारखी वागायला लागली. काय सुधारलं ते त्यांना कळेना. दुसऱ्या सकाळी तीच गत.

मग त्यांच्या हातून ती चूक झाली जी त्यांनी दुसऱ्या कुणाला माफ केली नसती. धूर मागच्या कार्बोरेटरमुळे येतो हे त्यांना कळलं होतं, म्हणून त्यांनी त्याचं पेट्रोल थोडं कमी केलं. सकाळचा धूर किंचित घटला आणि दुपारची गाडी बिघडली. आता ती उन्हातही फटफट करू लागली. मग पुन्हा वाढवलं. मग पुढच्याचं कमी केलं. पंधरा दिवसांत तीन आठवड्यांच्या कामाची माती झाली. त्यांनी सगळं उघडून पाहिलं, फक्त ती दोन पितळी टोपणं उघडली नाहीत. तिथलं तेल त्यांनी स्वतःच्या हातानं भरलं होतं, मग तिथं कशाला बघायचं?

संक्रांतीला सगळं जयपूर गच्चीवर पतंग उडवत होतं, तेव्हा ठाकूरसाहेबांचा निरोप आला. येत्या सोमवारी सकाळी सातला ते जातीनं गाडी पाहणार. खोकली तर लग्नाला दुसरी मोटार मागवतील आणि मोटारखाना एका धान्याच्या व्यापाऱ्याला देतील. हणमंतराव नुसतं "बरं" म्हणाले आणि पार्वतीबाईला त्यांनी गावी जायची तयारी ठेवायला सांगितलं.

संध्याकाळी ती तिळगूळ द्यायला आली आणि वर न येता जिन्यातच बसली. मी तिच्या शेजारी बसले.

"वैनी, मला गावाकडं न्हाई जायचं," ती म्हणाली. "तिथं वटी भरताना मला बाजूला बसवत्यात. बारशाला बोलवत न्हाईत. जाऊबाई तिचं पोर पदराखाली झाकून आत पळती, माझी नजर लागंल म्हनून. हितं मला कुनी इचारत न्हाई. हितं भाजीवाला बी मला 'मांजी' म्हनतो." मग म्हणाली, "हे पानी मानवलं म्हनत्यात. पन माझ्यापायी ऱ्हायल्यात."

ती रडत नव्हती. मला मात्र रडू आलं, आणि रडू येऊन गेल्यावर फार राग आला, तिच्या जावेचा, त्या व्यापाऱ्याचा, त्या मोटारीचा. सगळ्यांत जास्त हणमंतरावांचा आला. एवढा नावाजलेला मेकॅनिक, आणि एक धूर थांबवता येत नाही? त्या रात्रीच्या जेवणात मी जयंतरावांना ह्या विषयावर मोठं भाषण दिलं. त्यांनी दोनदा आमटी वाढून घेतली.

रविवारी मी न्हायला निघाले. जयपूरच्या थंडीत खोबरेल दगडासारखं गोठतं. रत्नागिरीत हा प्रकार नाही. इथं आल्यावर पहिल्या हिवाळ्यात मी बाटली उलटी करून वेड्यासारखी बघत बसले होते. तेव्हापासून न्हायच्या दिवशी बाटली तासभर उन्हात ठेवायची आणि मग डोक्याला तेल लावायचं, असा आमचा नेम. बाटली कठड्यावर ठेवून मी आत आले आणि तेवढ्या वेळात उशीच्या अभ्र्याला शिलाई मारावी म्हणून शिवणयंत्रावर बसले. दिवाळीच्या शिवणानंतर यंत्राला हात लावला नव्हता. चाक हलेना. मी वैतागून तेलाची कुपी उचलली, उलटी केली, दाबली. थेंब येईना. टोपण काढून आत पाहिलं तर आत पांढरं.

मग मला आठवलं. दिवाळीच्या आठ दिवस आधी यंत्राचं तेल संपलं होतं. ते आणायला चौडा रास्ता बाजारापर्यंत कोण जाणार म्हणून मी त्या कुपीत खोबरेल भरलं होतं. माझी आई जन्मभर यंत्राला खोबरेलच घालत आली. आमच्याकडे त्यानं कधी कुणाचं अडलं नाही. ऑक्टोबरच्या उन्हात ते पाण्यासारखं पातळ होतं, आणि पेट्रोलनं भरलेल्या नाकाला त्याचा वास येणार नव्हता. तीच कुपी मी करंज्या तळताना मानेनं दाखवली होती.

खरं सांगते, पहिला विचार आला तो गप्प बसण्याचा. कुपी धुऊन टाकली असती तर कुणाला काही कळलं नसतं. शेडगे गावी गेले असते, आमचीही कधीतरी बदली झाली असती आणि विषय संपला असता. मग मला जिन्यात बसलेली पार्वतीबाई आठवली. स्वतःची इतकी लाज वाटली की मी चपला न घालताच खाली धावले.

हणमंतराव ट्रंकेला दोर बांधत होते. मी कुपी पुढं केली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. त्यांनी कुपी घेतली, आतला पांढरा गोळा काडीनं कोरला, हुंगला. मग ती कुपी त्यांनी भिंतीवर भिरकावली.

"दीड महिना, वैनी!" ते ओरडले. "दीड महिना मी त्या देवरामाला गाढव म्हनतोय! हितं माझं बिऱ्हाड उठायची येळ आली!"

ते आणखी बरंच बोलले. मी उभी राहून सगळं ऐकून घेतलं. मला कुणी एवढं बोललं आणि मी एका शब्दानं उत्तर दिलं नाही, ह्यावर जयंतरावांचा आजही विश्वास बसत नाही. बोलता बोलता हणमंतराव एकदम थांबले. काडीच्या टोकावरचा गोळा त्यांच्या बोटाच्या उबेनं वितळत होता.

"थंडीत गोठतंय," ते हळूच म्हणाले. "दट्ट्या वर येतच न्हाई, हवा मिळत न्हाई, निस्तं पेट्रोल जातंय. इंजिन तापलं की वितळतंय. म्हनून अकराला ठनठनीत." आणि मग त्यांच्या तोंडावर हसू फुटलं. "म्हंजी माझी जोडी बरोबर व्हती!"

"मग आत्ताच जाऊन बदला की वो," पार्वतीबाई म्हणाली.

"न्हाई. आज गुपचूप बदललं तर गाडी उद्या चालंल, पन का बिघडली व्हती ते त्यास्नी कधी कळनार न्हाई. मनात संशय ऱ्हाईल. उद्या त्यांच्या म्होरंच काढतो."

ताठ तो ताठच. पार्वतीबाईनं माझ्याकडे पाहिलं आणि मी मान खाली घातली.

सोमवारी सातला आम्ही तिघं टांग्यातून बंगल्यावर पोचलो. "तू कशाला?" असं जयंतराव म्हणाले होते. "तेल माझं आहे," मी म्हटलं. थंडी अशी की बोलताना तोंडातून वाफ येत होती. ठाकूरसाहेब शाल पांघरून मोटारखान्याच्या दारात उभे होते. त्यांनी खूण केली, देवरामानं गाडी सुरू केली, ॲक्सिलरेटर दाबला, आणि रायलीनं काळ्या धुराचा लोट सोडून जीव टाकला. ठाकूरसाहेब बंगल्याकडे वळले.

"हुजूर, दो मिनट," हणमंतराव म्हणाले. त्यांनी मागच्या कार्बोरेटरचं टोपण काढलं, आत तार घातली आणि पांढरा चिकट गोळा बाहेर काढून तळहातावर धरला. "नारियल का तेल. ठंड में जम जाता है."

"नारियल का तेल? मेरी गाड़ी में?" ठाकूरसाहेबांचा आवाज चढला. "किसने डाला?"

"मैंने डाला. बिना देखे डाला. गलती मेरी," हणमंतराव म्हणाले.

"छे! मी! मतलब मैंने!" मी पुढं झाले. जयपुरात पाच वर्षं काढून माझी हिंदी ऐन वेळी पळून गेली. "तेल मेरा था. कुपी में मैंने भरा था."

मागून पदराआडून आवाज आला. परक्या पुरुषापुढं जन्मात न बोललेली पार्वतीबाई म्हणत होती, "कुपी म्या आनली व्हती. चूक माझी हाय. ह्यास्नी काय बोलू नका."

ठाकूरसाहेबांनी देवरामाकडे पाहिलं. "ये क्या कह रही हैं?"

"हुकम," देवराम मालकाला अदबीनं म्हणाला, "लगता है, ये भी यही कह रही हैं कि इन्होंने किया."

ठाकूरसाहेब आमच्याकडे एकेक करून बघत राहिले. मग म्हणाले, "बचपन से देख रहा हूं, इस घर में कुछ भी टूटे, किसी ने नहीं तोड़ा होता. आज एक गलती के तीन मालिक खड़े हैं." आणि ते एवढ्या मोठ्यानं हसले की मोटारखान्यातली कबुतरं उडाली. मला हसावं की रडावं कळेना. पार्वतीबाईनं माझा हात घट्ट धरला होता.

हणमंतरावांनी आधी देवरामाची माफी मागितली, सगळ्यांसमोर, हात जोडून. देवरामानं पेट्रोलचा डबा आणून त्यांच्याजवळ ठेवला. भोक पेट्रोलनं धुतलं गेलं, दोन्ही कार्बोरेटरांत नवं पातळ तेल पडलं. डिसेंबरभर उगाच फिरवलेले स्क्रू हणमंतरावांनी पुन्हा पहिल्या जागी आणले. कुठला किती फिरवला होता ते त्यांच्या डोक्यात होतं. इंजिन अजून गारच होतं. देवरामानं गाडी सुरू केली, ॲक्सिलरेटर दाबला. धूर नाही, खोकला नाही. हणमंतरावांनी नळी कानाला लावली नि मान हलवली. "कल सवेरे फिर देखेंगे," ठाकूरसाहेब म्हणाले, पण ते म्हणतानाही हसत होते. दुसऱ्या सकाळी आणि तिसऱ्या सकाळीही गाडी तशीच चालली.

पाठवणी झाली त्या पहाटे धुकं होतं. मुलगी रडत रायलीत बसली आणि गाडी पहिल्या फटक्याला सुरू झाली. हणमंतराव फाटकाशी उभे होते. जाताना देवरामानं काच खाली करून त्यांना सलाम ठोकला. त्याच दिवशी ठाकूरसाहेबांनी मोटारखान्याची किल्ली दिली.

पुढं साठच्या त्या दशकात अलवर-बिकानेरपासून लोक आपापल्या वडिलोपार्जित मोटारी घेऊन तिथं यायला लागले, कारण दोन कार्बोरेटरांची जोडी जुळवणारा माणूस आसपास दुसरा नव्हता. 'जोडीवाले हणमंतजी' हे नाव आपोआप पडलं. आमची बदली त्रेसष्ट साली नागपूरला झाली, तेव्हा मोटारखान्याची तिन्ही दारं उघडी असायची आणि तिन्हींत मोटारी उभ्या असायच्या.

पण मला त्यांची आठवण येते ती किल्ली मिळाल्यानंतरच्या आठवड्यातली. शेडग्यांचं बिऱ्हाड मोटारखान्यामागच्या खोल्यांत गेलं आणि पार्वतीबाई मला घेऊन दगड घडवणाऱ्यांच्या गल्लीत गेली. पलटणीतल्या आणि बदलीवाल्या बायका सगळं घेतात, दगडाचं काही घेत नाहीत. मी स्वतः लग्नापासून चार गावं फिरले आणि चटणी कायम लहानशा खलबत्त्यात कुटली. तिनं आठ-दहा दगड बोटांनी ठोकून पाहिले आणि हातभर रुंद, चांगला जाडजूड पाटा निवडला, वरवंट्यासकट. टांग्यात चढवायला दोन माणसं लागली. टांगेवाला वाटभर कुरकुरत होता.

घरी हणमंतरावांनी तो पाहिला आणि कपाळाला हात लावला. "आगं, केवढा आनलास! उद्या न्यायचा झाला तर कोन उचलनार?"

पार्वतीबाईनं पाटा भिंतीशी नीट बसवून घेतला, त्यावर तांब्याभर पाणी ओतलं आणि हळद-कुंकवाची बोटं लावली.

"कुनी न्हाई," ती म्हणाली. "ह्यो आता कुठं न्यायचा न्हाई."